महागडा प्रोसेसर घ्यावा का? आधी तुमचं थांबणं मोजा

नवा संगणक घ्यायला निघालेल्या माणसापुढे एक पेच हमखास येतो. समोर दोन संगणक असतात, बाकी सगळं तेच. एकात नावात ५ असलेला प्रोसेसर (कोअर आय५ किंवा रायझन ५), दुसऱ्यात ७ असलेला, आणि मधली रक्कम डोळेझाक करावी इतकी लहान नसते. विकणारा म्हणतो, "थोडेच जास्त आहेत, पण पाच वर्षं बघायला नको." मित्र म्हणतो, "उगाच कशाला?" तुम्ही संगणकासमोर नेमके कशासाठी ताटकळता, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

जास्तीच्या पैशात प्रोसेसर देतो तो वेळ. एखादं काम दहा मिनिटांऐवजी सातात होतं, एवढाच सौदा. वाचलेली ती तीन मिनिटं तुमच्या खरोखर उपयोगाची आहेत का, आणि तेवढ्याच पैशात दुसरीकडून जास्त मिनिटं मिळतात का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निर्णय झालाच. ती कशी काढायची ते आता पायरीपायरीने पाहू. त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही, थोडा धीर लागतो.

पायरी १ : थांबण्याची यादी करा

तीन-चार दिवस कागद जवळ ठेवा. संगणकाने थांबवलं की एक ओळ लिहायची: काय चाललं होतं, किती वेळ गेला, दिवसातून किती वेळा असं होतं. अंदाजाने लिहू नका, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. माणसाला चिडचिड झाली की वीस सेकंदांचे दोन मिनिटं वाटतात.

यादी साधारण अशी होते: मोठी एक्सेल शीट उघडायला ४० सेकंद, रोज पाच-सहा वेळा. व्हिडिओ एक्स्पोर्ट ३५ मिनिटं, आठवड्यातून दोनदा. संगणक सुरू व्हायला दीड मिनिट, रोज एकदा. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब उघडले की सगळंच जड, दिवसभर.

आता प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: त्या वेळात तुम्ही पडद्यासमोर अडकून बसता का? एक्स्पोर्ट रात्री लावून झोपत असाल, तर तो ३५ ऐवजी २५ मिनिटांत झाला काय आणि नाही काय, वाचलेल्या दहा मिनिटांचं तुम्हाला काहीच पडलेलं नाही. याउलट दिवसातून बारा वेळा दीड-दोन मिनिटं ताटकळत बसायला लागत असेल आणि दर वेळी कामाचा धागा तुटत असेल, तर तिथे वाचलेलं प्रत्येक मिनिट सोन्याचं आहे.

यादी रिकामीच राहिली तर पुढचं वाचायची गरज नाही. स्वस्तातला प्रोसेसर घ्या. मेल, कागदपत्रं, व्हिडिओ पाहणं, ऑनलाइन बैठका यांसाठी आजचा कुठलाही बरा मधला प्रोसेसर पुरून उरतो.

पायरी २ : घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

संगणक रडतोय म्हणजे प्रोसेसरच कमी पडतोय, असं बहुतेक जण गृहीत धरतात. निम्म्या वेळी दोषी दुसराच निघतो. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स हा भाग निवडा. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो, लिनक्सवर टॉप किंवा एचटॉप. आता यादीतलं एक काम सुरू करा आणि ते चालू असताना आलेखाकडे बघत बसा.

डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली आणि प्रोसेसर निवांत, असं दिसलं तर बहुधा आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या सुईला डिस्कवरच्या वेगवेगळ्या जागी उडी मारायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरेक उड्या. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) तेवढ्याच वेळात अशी हजारो वाचनं करते. इथे प्रोसेसर बदलून काडीचा फरक पडणार नाही. एसएसडी घाला, संगणक नवा वाटेल.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेलेली दिसली, तर रॅम अपुरी आहे. रॅम भरली की संगणक सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि परत आणतो, त्यातच वेळ जातो. आठ जीबी रॅम आणि ७ आकड्याचा प्रोसेसर ही जोडी मला तरी अगदी विजोड वाटते, पण दुकानांत ती सर्रास दिसते, कारण जाहिरातीत प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात छापता येतं.

खेळ किंवा थ्रीडी काम चालू असताना जीपीयू १०० टक्के आणि प्रोसेसर ४०-५० वर असेल, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे.

आणि प्रोसेसरच शंभरावर असेल, तर मग विषय आपला. पण इथे एक मेख आहे. प्रोसेसरच्या आत काम करणारे अनेक हात असतात, त्यांना कोअर म्हणतात; एक कोअर एका वेळी कामाचे एक किंवा दोन धागे चालवतो, ते थ्रेड. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्राम एकाच थ्रेडवर घाम गाळत असेल, तर एकूण वापर ८-१० टक्केच दिसतो. माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामा आहे! प्रत्यक्षात एक कोअर पूर्ण जुंपलेला असतो आणि बाकीचे बघत बसलेले असतात. म्हणून प्रोसेसरच्या आलेखावर उजवं क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. एका मोठ्या आलेखाच्या जागी छोट्या छोट्या चौकटी येतील. सगळ्या भरलेल्या दिसल्या तर जास्त कोअर कामाला येतील. एखाद-दुसरीच वर गेलेली असेल (विंडोज काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे उंचवटा जागा बदलतो), तर तुम्हाला कोअरची संख्या वाढवून काही मिळणार नाही, एकेका कोअरची ताकद वाढायला हवी.

पायरी ३ : उलटी चाचणी

ही माझी आवडती युक्ती आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही. नवा प्रोसेसर किती फरक पाडेल ते आपल्याला पाहता येत नाही, पण आहे तो प्रोसेसर मुद्दाम अधू करून फरक जाणवतो का, ते पाहता येतं.

आधी कोअरची चाचणी. तुमचा नेहमीचा प्रोग्राम सुरू करा. टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स या भागात त्याचं नाव शोधा, उजवं क्लिक करा आणि 'सेट अफिनिटी' निवडा. समोर सगळ्या लॉजिकल प्रोसेसरची यादी येईल. त्यातल्या खालच्या निम्म्या खुणा काढून टाका आणि तेच काम पुन्हा घड्याळ लावून करा. पूर्वी ६ मिनिटं लागत होती आणि आता ११ लागली, तर हा प्रोग्राम कोअरचा भुकेला आहे. सहाची सव्वासहा झाली, तर जास्त कोअरसाठी मोजलेले पैसे पाण्यात. प्रोग्राम बंद करून उघडला की खुणा आपोआप पूर्ववत होतात, त्यामुळे काही बिघडायची भीती नाही. मोठे प्रोग्राम कधी कधी एकाच वेळी अनेक नावांनी चालू असतात, तेव्हा ज्याचा वापर सर्वांत जास्त दिसतोय त्यावर आणि त्याच्या भावंडांवर ही कृती करावी लागते.

मग वेगाची. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्रगत सेटिंग, त्यात 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' आणि त्याखाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट'. तिथे १०० च्या जागी ९९ लिहिलं की बहुतेक संगणकांवर टर्बो बंद होतो, म्हणजे प्रोसेसर आपला वरचा वेग गाठायचं सोडून मूळ वेगाच्या आसपास राहतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे वीज वाचवण्याचा मोड लावून अंदाज घ्या. एक दिवस असंच काम करा. संध्याकाळपर्यंत आपण काही बदललं होतं हेच विसरून गेलात, तर उत्तर मिळालं. जो वेग कमी झाल्याचं कळलं नाही, तो वाढल्याचंही कळणार नाही. सेटिंग परत १०० करायला मात्र विसरू नका.

खेळांसाठी चाचणी वेगळी. खेळाचं रेझोल्यूशन एकदम खाली आणा आणि सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते बघा. फ्रेम भराभर वाढल्या तर आतापर्यंत अडत होतं ते ग्राफिक्स कार्ड. जेमतेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर थकलाय. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. नव्वदाच्या दीडशे झाल्याचा आनंद कोपऱ्यातल्या आकड्यात दिसेल, चित्रात फारसा नाही.

पायरी ४ : नावाला भुलू नका, पूर्ण नाव वाचा

इंटेलचे ३, ५, ७, ९ आणि एएमडी रायझनचे ३, ५, ७, ९ ही फक्त त्या त्या वेळच्या मालिकेतली उतरंड आहे. त्या आकड्याचा कोअरच्या संख्येशी थेट संबंध नाही. २०१६ सालचा कोअर आय७-७५००यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर होता, त्यात कोअर दोन. त्याच पिढीतल्या डेस्कटॉपच्या आय५-७४०० मध्ये चार. ज्यांनी 'आय७ आहे ना' म्हणून लॅपटॉप घेतला, त्यांच्या पदरात दोन कोअर पडले.

आकड्यानंतरचा क्रमांक पिढी सांगतो आणि शेवटचं अक्षर जात. इंटेलमध्ये यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, एच म्हणजे जोरकस लॅपटॉपचा, के म्हणजे वेग हाताने वाढवता येणारा, एफ म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला. हा एफ नीट बघा. तो थोडा स्वस्त असतो, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर चित्रच येणार नाही.

एएमडीने २०२३ च्या लॅपटॉपसाठी तर नावांचा चक्रव्यूहच उभा केला. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०यू, दोन्ही वरवर भावंडं. पण त्या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात तो २ आहे, म्हणजे झेन २, मूळची २०१९ ची रचना, चार कोअर. दुसऱ्यात ४, म्हणजे झेन ४, सहा कोअर. दोघांच्या किमतीत फरक असेल तर तो देण्यासारखा आहे. इथे स्वस्त घेणं महागात पडतं.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण. कोअर आय५-१२३५यू आणि कोअर आय७-१२५५यू. दोन्हींत दोन मोठे आणि आठ छोटे असे दहा कोअर, बारा थ्रेड, १२ मेगाबाइट कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी). कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ (सेकंदाला ४.४ अब्ज ठोके), दुसऱ्याचा ४.७. आतलं ग्राफिक्स आय७ मध्ये थोडं जास्त. फरक उत्तमात उत्तम परिस्थितीत ७ टक्क्यांचा, म्हणजे मिनिटाचं काम ५६ सेकंदांत. एवढ्यासाठी नावातल्या ७ चे पैसे मोजायचे का, ते तुम्हीच ठरवा. त्या पैशात रॅम दुप्पट होत असेल तर मी तरी क्षणभरही विचार करणार नाही.

हे असं का होतं, याचं कारण कारखान्यात आहे. एका साच्याच्या चिप्स बनतात, मग त्या तपासून प्रतवारी लावतात. आठ कोअरच्या तुकड्यावरचे दोन कोअर बंद केले की सहा कोअरचा प्रोसेसर तयार. रायझन ५ ५६००एक्स असाच बनतो. जी चिप वरचा वेग सहज पेलते तिला वरचं नाव मिळतं. उतरंडीच्या टोकाला जे जास्तीचे पैसे जातात, ते बरेचसे या निवडीचे असतात. म्हणूनच शेवटच्या पायरीवर किंमत भराभर चढते आणि वेग रांगतो.

पायरी ५ : जास्तीच्या पैशात नेमकं काय मिळतंय

महाग प्रोसेसर चार गोष्टींपैकी काहीतरी जास्त देतो: गिगाहर्ट्झ, कोअर, कॅश किंवा नवी पिढी.

गिगाहर्ट्झची तुलना फक्त एकाच पिढीत करायची. २००४ मध्ये पेन्टियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते. आजच्या एखाद्या लॅपटॉपचा प्रोसेसर त्याहून फार वर जात नाही, तरी त्याचा एक कोअर त्या पेन्टियमला कुठल्या कुठे मागे टाकतो, कारण तो एका ठोक्यात कितीतरी जास्त काम उरकतो. एकाच पिढीत मात्र हिशेब सरळ आहे. रायझन ५ ५६०० चा कमाल वेग ४.४, ५६००एक्सचा ४.६; कोअर आणि कॅश सारखेच. मिनिटाच्या कामात अडीच-पावणेतीन सेकंद वाचतात, तेही कागदावर.

कोअरचं गणित जरा खोल आहे, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कोअर दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, असं वाटतं. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिलं होतं की कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी वेगाला लगाम घालतो. समजा एका कोअरवर एक काम ६० मिनिटं चालतं. त्यातली ४८ मिनिटं वाटून घेता येतात, १२ मिनिटं येत नाहीत. सहा कोअरवर ४८ ची ८ होतात, अधिक १२, एकूण २०. बारा कोअर लावले तर ४८ ची ४, अधिक तेच १२, एकूण १६. कोअर दुप्पट झाले, वीस मिनिटांची सोळा झाली. चोवीस केले तर चौदा. पैसे मात्र प्रत्येक टप्प्यावर वाढत गेले.

म्हणून तुमचं काम किती वाटून घेता येतं, यावर सगळं ठरतं. थ्रीडी रेंडरिंग (मॉडेलवरून चित्र तयार करणं), मोठ्या प्रकल्पाचं कम्पायलिंग (लिहिलेल्या कोडमधून प्रोग्राम तयार करणं), फाइल्स दाबून लहान करणं, सॉफ्टवेअरने व्हिडिओ एन्कोड करणं, ही कामं जवळजवळ पूर्ण वाटली जातात. इथे कोअरचे पैसे वसूल होतात. ऑटोकॅडचं रोजचं रेखाटन बरंचसं एकाच थ्रेडवर चालतं. एक्सेल २००७ पासून साधी सूत्रं अनेक थ्रेडवर सोडवतं, पण व्हीबीएचे मॅक्रो एकाच थ्रेडवर धावतात, त्यामुळे मॅक्रोवर जगणाऱ्या माणसाने सोळा कोअर घेऊन उपयोग नाही. ब्राउझरलाही एकेका कोअरची ताकदच जास्त लागते. व्हिडिओच्या बाबतीत एक गोष्ट तपासा: बरेच प्रोग्राम एन्कोडिंगचं काम ग्राफिक्समधल्या खास भागाकडे सोपवतात. तुमचा तसं करत असेल तर प्रोसेसरचा वाटा आणखी कमी होतो.

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेलं टेबल. रॅम हे खोलीपलीकडचं कपाट. टेबल मोठं असलं की कपाटाकडे फेऱ्या कमी. रायझन ७ ५८००एक्स आणि २०२२ चा ५८००एक्सथ्रीडी या दोघांत कोअर आठच. दुसऱ्याचा कमाल वेग तर थोडा कमीच, ४.७ च्या जागी ४.५. पण कॅश ३२ च्या जागी ९६ मेगाबाइट. खेळांत दुसरा स्पष्टपणे पुढे गेला आणि रेंडरिंगसारख्या कामात पहिलाच किंचित पुढे राहिला. 'चांगला प्रोसेसर कोणता' या प्रश्नाला कामाचं नाव घेतल्याशिवाय उत्तर का नसतं, ते या जोडीत दिसतं.

पायरी ६ : बेंचमार्कचे आकडे वाचताना

सिनेबेंच, गीकबेंच यांसारख्या चाचण्या दोन आकडे देतात, एका कोअरचा आणि सगळ्यांचा मिळून. पायरी २ आणि ३ मध्ये तुमचं काम कुठल्या जातीचं आहे ते कळलंय. तोच आकडा बघा, दुसरा सोडून द्या. जाहिरातीत नेहमी सगळ्यांचा मिळून असलेला आकडा असतो, कारण तो मोठा दिसतो. त्याहून चांगलं म्हणजे तुम्ही वापरता त्याच प्रोग्रामची चाचणी शोधणं. ब्लेंडरची स्वतःची आहे, सेव्हन-झिपमध्ये तर आतच आहे.

'२५ टक्के वेगवान' म्हणजे वेळ २५ टक्के कमी, असं नसतं. वेळ २० टक्के कमी होते. दहा मिनिटांची आठ. आणि आलेखाच्या पट्ट्या शून्यापासून सुरू होतात का, ते बघा. ९० पासून सुरू केलेल्या आलेखात ९५ आणि १०० मधला फरक दुपटीचा दिसतो.

पायरी ७ : हिशेब मांडा

इथे दोन्ही बाजूंनी चलाखी चालते. पूर्ण संगणकाची किंमत १०० धरा, त्यात स्वस्त प्रोसेसरचे २०. महाग प्रोसेसर ३० ला पडतो. प्रोसेसरच्या किमतीत वाढ झाली ५० टक्के, संगणकाच्या किमतीत १०. विकणारा दहा सांगतो, विरोध करणारा मित्र पन्नास. बरोबर आकडा पूर्ण संगणकाचाच, कारण प्रोसेसर एकटा काही करत नाही. पण मग त्या दहात जास्तीचा प्रोसेसर ओघाने जे खर्च आणतो तेही धरा. इंटेलच्या के जातीच्या प्रोसेसरबरोबर कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. जास्त वीज ओढणाऱ्या चिपला दणकट मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय लागतो. कोअर आय५-१२४०० चा कमाल ठरलेला वापर ११७ वॉट, आय९-१२९००के चा २४१. फरक १२४ वॉटचा. रोज चार तास दोघंही पूर्ण ताकदीने धावले, वर्षात ३०० दिवस, तर जवळजवळ १५० युनिट जास्त. प्रत्यक्षात मोठा प्रोसेसर काम लवकर संपवून शांत होतो, त्यामुळे फरक कमी पडेल; पण पंख्याचा आवाज आणि खोलीतली उष्णता तुमच्याच वाट्याला.

आता मिनिटं. कम्पायलिंग करणाऱ्या एखाद्याचं दर वेळी दीड मिनिट वाचतं, दिवसातून बारा वेळा, म्हणजे १८ मिनिटं. वर्षाचे २४० दिवस धरले तर ७२ तास. जास्तीची रक्कम ७२ ने भागा. वाचलेला एक तास केवढ्याला पडला ते कळेल. तुमच्या तासाच्या कमाईशी ताडून बघा, बहुतेकदा पहिल्याच वर्षात पैसे फिटतात. असा माणूस हात आखडता घेत असेल तर तो नुकसान करून घेतोय.

घरगुती वापरात तीन-तीन सेकंद, दिवसातून वीस वेळा, म्हणजे रोज एक मिनिट. वर्षाला सहा तास झाले खरे, पण ते चुऱ्यासारखे विखुरलेले. एकत्र करून वापरता येत नाहीत. अशा वेळी मी ती रक्कम या क्रमाने खर्च करायला सांगेन: एसएसडी नसेल तर ती, मग रॅम सोळा जीबीपर्यंत, खेळायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड, दिवसभर वाचायचं असेल तर चांगला पडदा. प्रोसेसर त्यानंतर. स्वतःच्या संगणकावर एआयची मॉडेल चालवायची हौस असेल, तरी आधी ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीकडेच बघा. तिथे प्रोसेसरचे जादा कोअर बहुधा आकडे पोहोचायची वाट बघत बसतात.

लॅपटॉपला हा क्रम आणखी कडकपणे लावा, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर जोडूनच येते, नंतर वाढवता येत नाही. शिवाय एकच चिप दोन लॅपटॉपमध्ये दोन तऱ्हांनी वागते. वर आलेल्या आय७-१२५५यू चा मूळ वापर १५ वॉट आणि कमाल ५५. ती ५५ वर किती वेळ टिकेल ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ कवचात ती थोडाच वेळ पळते, तापते आणि मग चालू लागते. जाड, चांगल्या पंख्याचा आय५ लांबच्या कामात तिला सहज गाठतो. लॅपटॉप घेताना चिपची नाही, त्या मॉडेलची अर्ध्या तासाची चाचणी शोधा.

पायरी ८ : 'पुढे उपयोगी पडेल' हे तपासून घ्या

पाच वर्षं बघायला नको, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. २०१७ च्या जानेवारीत आय७-७७००के आला, चार कोअरचा, त्या वेळचा नेहमीच्या डेस्कटॉपमधला अव्वल. त्याच ऑक्टोबरमध्ये आय५-८४०० आला, सहा कोअरचा आणि बराच स्वस्त. अनेक थ्रेडच्या कामात तो आय७ च्या बरोबरीला येऊन बसला. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा अधिकृत यादीत ७७००के नव्हता, आणि त्याच्या पुढच्या पिढीतला साधा आय३-८१०० होता. भविष्याची तयारी म्हणून ज्यांनी वरचा प्रोसेसर घेतला त्यांना पिढीने मागे टाकलं. दोन पर्याय एकाच किमतीचे असतील, एक जुन्या पिढीचा ७ आणि एक नव्या पिढीचा ५, तर माझा कौल बहुतेकदा नव्या ५ ला.

डेस्कटॉपवर भविष्याची खरी सोय सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच, करतो. एएमडीचं एएम४ सॉकेट घेऊन २०१७ मध्ये संगणक बांधलेल्या पुष्कळांना, बायोस (मदरबोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून, २०२२ चा ५८००एक्सथ्रीडी त्याच मदरबोर्डावर बसवता आला. आज मधला प्रोसेसर, तीन-चार वर्षांनी त्याच सॉकेटवरचा वरचा, ही वाट अनेकदा एकदमच वरचा घेण्यापेक्षा परवडते. म्हणून डेस्कटॉप घेताना विचारा: या सॉकेटवर अजून पिढ्या यायच्या आहेत का? नसतील, तर मात्र एक पायरी वरचा आत्ताच घेण्यात अर्थ असू शकतो.

पायरी ९ : घेतल्यावर पहिल्या दिवशी

प्रोसेसर कुठलाही घेतला तरी त्याची ताकद चुकीच्या जोडणीत वाया जाऊ शकते. रॅमची एकच पट्टी असेल तर दोन घ्या. दोन पट्ट्यांनी रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि आतलं ग्राफिक्स वापरणाऱ्यांना तो फरक लगेच दिसतो. डेस्कटॉपवर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का ते बघा, नाहीतर रॅम छापील वेगापेक्षा हळू चालत राहते. कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी काढली का, हेही विचारा. ती तशीच ठेवून 'प्रोसेसर तापतो' म्हणणारे कमी नाहीत. आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या खाचेत न लावता त्या कार्डाच्या खाचेत लावा.